नशीब की हात? पिनबॉलच्या यंत्राची गोष्ट

जत्रेत एका कोपऱ्यात फळी उभी केलेली असते. फळीवर ओळीने खिळे ठोकलेले, तळाशी खण पाडलेले. वरून गोळी सोडायची. ती खिळ्यांवर आपटत, इकडेतिकडे उसळत खाली येते. एका खणात कंगवा, दुसऱ्यात साबणाची वडी, आणि बहुतेक खणांत काहीच नाही. गोळी हातून सुटली की खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. तो नुसता बघत राहतो. गोळी रिकाम्या खणात गेली की शेजारचा म्हणतो, "नशीब नाही रे तुझं!"

बंधू-भगिनींनो, "नशीब नाही" हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला हेच वाक्य पुसून टाकायला शिकवले. म्हणून आज कुटुंबाच्या या पानावर एका खेळाची गोष्ट सांगावीशी वाटते. वरवर पाहता ती मुलांच्या करमणुकीची गोष्ट आहे. पण हा खेळ नशिबाचा की हाताचा, हा प्रश्न एका मोठ्या शहराच्या नगरपरिषदेत तब्बल चौतीस वर्षे लटकला होता, आणि तो सुटला एका माणसाच्या हाताने. त्या खेळाचे नाव पिनबॉल.

यंत्र असते तरी कसे?

आपल्यापैकी फार थोड्यांनी हे यंत्र प्रत्यक्ष पाहिले असेल. ज्यांची मुले विसेक वर्षांपूर्वी सायबर कॅफेत जात असत, त्यांनी ते संगणकाच्या पडद्यावर पाहिले असेल. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर अवकाशयानाचे चित्र असलेला एक पिनबॉल फुकट येत असे. ती या यंत्राची नक्कल होती.

खरे यंत्र म्हणजे चार पायांवरची एक लांबट पेटी. वर काच, काचेखाली रंगवलेली लाकडी फळी. फळीला खेळणाऱ्याच्या बाजूला उतार असतो. आजकालच्या यंत्रांत हा उतार साधारण साडेसहा अंशांचा ठेवतात. उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या. तो ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते. गोळी सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची आणि ८० ग्रॅमच्या आसपास वजनाची, म्हणजे हातात घेतली तर चांगली जड लागेल अशी. वाटेत रबराच्या कडा, दिवे लागणारे खांब, घंटा, उतरंडी, बोगदे. गोळी जिथे आपटेल तिथले गुण मिळतात. उतारामुळे ती सारखी खाली येऊ पाहते. तळाशी मधोमध एक फट असते. गोळी तिच्यात गेली की संपले. मोरीत गेलेले पाणी जसे परत येत नाही, तसेच.

त्या फटीच्या दोन्ही अंगांना वल्ह्याच्या आकाराचे दोन छोटे दांडे असतात. त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंची बटणे दाबली की ते फटकन वर उडतात आणि गोळीला परत वर ढकलतात. खेळणाऱ्याला मिळालेले हे दोनच हात. बाकी सगळे यंत्राचे.

मंदीच्या दिवसांतले अपत्य

या खेळाचे मूळ फ्रान्समधल्या अठराव्या शतकातल्या बॅगाटेल नावाच्या खेळात आहे. आपल्याकडेही काही घरांत खिळ्यांची आणि गोट्यांची बॅगाटेलची फळी असायची. सुट्टीत सगळी भावंडे तिच्याभोवती गोळा व्हायची. १८७१ मध्ये अमेरिकेत मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या माणसाने त्या फळीला स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतले. काठीने गोळी ढकलायची गरज उरली नाही. फळीवरच्या खिळ्यांना तिकडे पिन म्हणत, त्यावरून पुढे पिनबॉल हे नाव पडले.

खरा धंदा सुरू झाला तो १९३१ मध्ये. अमेरिकेत महामंदी होती. गिरण्या-कारखाने बंद, माणसे रस्त्यावर. अशा वेळी शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी "बॅफल बॉल" नावाची एक छोटी पेटी काढली. ती दुकानाच्या गल्ल्यावर ठेवता येई. किंमत साडेसतरा डॉलर. एक सेंट टाकला की पाच-सात गोळ्या मिळत. बेकार माणसाला नाटक-सिनेमा परवडत नव्हता, पण एका सेंटात थोडा वेळ मन रमवणे परवडत होते. अशा पन्नास हजारांहून अधिक पेट्या खपल्या. त्यांच्याच पेट्या विकणाऱ्या रेमंड मोलोनी यांना पुरेसा माल मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःची "बॅलीहू" ही पेटी काढली आणि तिच्या नावावरून बॅली ही कंपनी उभी राहिली.

गरिबाला करमणूक लागते, ही गोष्ट श्रीमंतांच्या लक्षात लवकर येत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर सगळे विसरायचे असते. ती भूक खोटी नाही. प्रश्न एवढाच, की ती भागवणारा त्याच्या खिशाशी कसा वागतो.

हातोडा आणि बंदी

त्या काळच्या काही पेट्या जिंकणाऱ्याला रोख पैसे देत. काही ठिकाणी दुकानदार हातोहात बक्षीस देई. म्हणजे खेळाच्या आडून जुगार चाले, आणि त्या धंद्यात गुंडांच्या टोळ्याही शिरल्या होत्या.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्कमध्ये शिकले, त्याच शहराचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी १९४२ च्या आरंभी पिनबॉलवर बंदी आणली. शाळकरी पोरांना दुपारच्या जेवणासाठी दिलेली नाणी ही यंत्रे गिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. पोलिसांनी धाडी घालून हजारो यंत्रे जप्त केली. महापौरांनी स्वतः घण हातात घेऊन यंत्रे फोडली, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. लॉस एंजलिस आणि शिकागो या शहरांतही बंदी आली. गंमत अशी, की जगातली बहुतेक पिनबॉल यंत्रे शिकागोतच बनत. कामगाराने ती दिवसभर बनवायची, पण स्वतःच्या शहरात खेळायची नाहीत, असा तो प्रकार होता.

महापौर चुकले होते का? त्या वेळच्या यंत्राकडे पाहिले तर तसे म्हणता येणार नाही. तेव्हाच्या पिनबॉलला फ्लिपरच नव्हते. गोळी एकदा सुटली की पेटीला थोडे धक्के देण्यापलीकडे खेळणारा काही करू शकत नव्हता. जत्रेतल्या फळीसारखाच तो बराचसा नशिबाचा मामला होता.

दोन छोटे हात

१९४७ मध्ये गॉटलिबच्या कंपनीतल्या हॅरी मॅब्स यांनी "हम्प्टी डम्प्टी" या यंत्रावर पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर बसवले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन, असे सहा. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीचे स्टीव्ह कॉर्डेक यांनी "ट्रिपल अ‍ॅक्शन" या यंत्रात ते दोनच ठेवले, आणि तेही अगदी तळाशी. काटकसरही झाली आणि खेळही रंगला. आज आपण जे रूप पाहतो, ते जवळजवळ त्यातूनच घडले.

या एका बदलाने खेळाची जातच बदलली. आता खाली येणारी गोळी अडवता येत होती, थोपवता येत होती, नेम धरून परत मारता येत होती. बघ्या होता तो खेळाडू झाला. पण कायदा? तो १९४२ मध्येच थांबला होता. यंत्र पार बदलले, तरी बंदी तशीच. कारण संपले तरी रूढी उरते, हे आपल्याला नवीन नाही. मात्र ते फक्त आपल्याच देशात घडते असे नाही, एवढे यातून कळते.

एक नेम आणि एक मत

१९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजलिसची बंदी उठवली. न्यूयॉर्कची पाळी आली १९७६ मध्ये. नगरपरिषदेच्या समितीपुढे प्रश्न तोच होता : हा नशिबाचा खेळ, की कौशल्याचा? भाषणे पुष्कळ झाली असती. पण यंत्रवाल्यांनी रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला बोलावले. तो उत्तम खेळणारा होता आणि पिनबॉलवर पुस्तक लिहीत होता.

सभागृहात दोन यंत्रे आणली होती. एक खेळून दाखवायचे, दुसरे बिघाड झाला तर हाताशी असावे म्हणून. एका सभासदाला संशय आला, की पहिल्या यंत्रात काही लबाडी असेल. तो म्हणाला, दुसऱ्यावर खेळा. शार्पचा सराव पहिल्यावर जास्त होता. तरी तो खेळला. आणि मग त्याने आधी सांगितले, की आता दट्ट्या असा ओढतो, गोळी वरच्या मधल्या वाटेनेच जाईल. सगळ्यांचे डोळे काचेवर. दट्ट्या सुटला, गोळी वर गेली आणि बरोबर मधल्या वाटेने खाली आली. समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले.

पुढे शार्पनेच मोकळेपणाने कबूल केले, की त्या एका नेमाला नशिबाचीही थोडी साथ होती. हा त्याचा प्रामाणिकपणा. पण त्या सभासदांनी जे केले ते आपल्या धम्माला जवळचे आहे. ऐकीव गोष्टींवर न जाता त्यांनी समोर पाहिले आणि मग ठरवले. तथागतांनी धम्माला "एहिपस्सिको" म्हटले आहे, म्हणजे ये आणि स्वतः पाहा.

मग मजा कशात आहे?

पहिली मजा गोळीच्या वजनात आहे. पडद्यावरची गोळी म्हणजे प्रकाशाचा ठिपका. इथे खरे पोलाद खऱ्या लाकडावर घरंगळते, रबरावर आपटून थरथरते. कोणतीही दोन यंत्रे अगदी एकसारखी खेळत नाहीत. एकाचे रबर नवे, दुसऱ्याचा उतार केसभर जास्त. आपल्या हातचा लेथ किंवा शिलाई मशीन जसे आपल्यालाच कळते, तसे रोज खेळणाऱ्याला यंत्राचा स्वभाव कळत जातो.

दुसरी मजा वेळेची. गोळी फ्लिपरच्या मुळाशी असताना बटण दाबले तर ती एका दिशेला जाते, टोकाशी आल्यावर दाबले तर भलत्याच दिशेला. फरक क्षणाच्या छोट्याशा तुकड्याचा. नवशिका दोन्ही बटणे एकदम बडवत सुटतो आणि गोळी मधून निसटते. मुरलेला खेळाडू घाई करत नाही. तो फ्लिपर वर धरून गोळीला त्याच्या कुशीत थांबवतो, श्वास घेतो, दिवा कुठे लागला आहे ते पाहतो आणि मग मारतो. नुसती चपळाई पुरत नाही, थांबायलाही शिकावे लागते.

तिसरी मजा उत्तराची. आपण काही केले की यंत्र लगेच दाद देते. जुन्या यंत्रांत खऱ्या घंटा वाजत. वरच्या गोल खांबांवर गोळी आदळली की ते तिला धपकन परत फेकतात. फुकट डाव मिळाला की पेटीच्या आतून लाकडावर ठोका पडतो, "टाक्!" साऱ्या दुकानाला कळते, की कोणीतरी जिंकले. दिवसभर राबूनही ज्याला कोणी शाबासकी देत नाही, त्या माणसाला हा ठोका का गोड लागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

चौथी मजा पायरीपायरीने वर जाण्याची. पहिल्याच दिवशी पोरालाही दिवे पेटवता येतात. पण चांगल्या यंत्रात त्यामागे आणखी कामे दडलेली असतात : अमुक पाट्या पाडा, मग बोगदा उघडेल, बोगद्यात गोळी घाला, मग एकदम दोन-तीन गोळ्या सुटतील. १९९२ मध्ये आलेले पॅट लॉलर यांचे "अ‍ॅडम्स फॅमिली" हे यंत्र याच गुणामुळे वीस हजारांहून अधिक खपले. विजेच्या चकत्यांवर चालणाऱ्या पिनबॉल यंत्रांत तो विक्रम ठरला. शिकायला सोपे आणि शिकून संपत नाही, असा खेळ माणसाला धरून ठेवतो. कबड्डी, कॅरम, बुद्धिबळ यांचेही तेच आहे.

पाचवी गोष्ट म्हणजे हुकल्याची चुटपुट. गोळी जाते ती आपल्या डोळ्यांदेखत, बोटभर अंतरावरून. "अरे, जरा आधी दाबले असते तर!" असे वाटते आणि हात पुन्हा खिशात जातो. ही चुटपुट शिकवतेही आणि फसवतेही. चूक आपली होती हे कळले तर माणूस सुधारतो. चूक कळली नाही आणि नुसती हाव राहिली, तर खिसा रिकामा होतो.

ओळंबा आणि मध्यम मार्ग

एक गंमत अजून राहिली. खेळणाऱ्याला पेटी हलवायची मुभा असते. गोळी कडेच्या वाटेने निसटू लागली की तळव्याने हलकासा धक्का द्यायचा, ती वळते. पण फार जोर केला तर यंत्र "टिल्ट" म्हणते, दिवे विझतात, फ्लिपर मरतात आणि तो डाव बाद होतो. ही युक्ती हॅरी विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात काढली. आतमध्ये बसवलेली वस्तू आपल्या गवंडी बांधवांना चांगली ओळखीची आहे. तो चक्क ओळंबा! एका धातूच्या कड्यात ओळंब्यासारखे वजन टांगलेले असते. पेटी जास्त हलली की वजन कड्याला टेकते, विजेचा प्रवाह जुळतो आणि शिक्षा होते.

ज्याने यंत्राला हातच लावला नाही तो हरतो. ज्याने दांडगाई केली तोही हरतो. जिंकतो तो ज्याला किती हलवायचे ते कळते. वीणेची तार फार ताणू नये आणि सैलही सोडू नये, हे तथागतांनी सोण भिक्खूला सांगितले ते आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. तोच मध्यम मार्ग इथे एका ओळंब्याच्या हाती आहे.

आणि हे सगळे उभे करणारे हात कोणाचे? एका यंत्रात काही हजार सुटे भाग आणि जवळजवळ अर्धा मैल वायर असते. ती वायर जुळवणारे, डाग देणारे, फळी रंगवणारे, कॉइल गुंडाळणारे हात कामगारांचेच. खेळताना ते दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून एकही घंटा वाजली नसती. व्हिडिओ गेम आले तसा पिनबॉलचा धंदा बसला. १९९९ मध्ये विल्यम्स या नामांकित कंपनीने पिनबॉल बनवणे बंद केले. पुढे काही वर्षे स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली. आता मात्र नवे कारखाने निघाले आहेत आणि नव्या पिढीला पुन्हा खऱ्या गोळीची गोडी लागली आहे.

खेळ कुठे संपतो, जुगार कुठे सुरू होतो?

आता आपल्या घराकडे वळू. आज पिनबॉलचे यंत्र आपल्या वस्तीत नाही, पण प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल आहे. त्यातले खेळ बनवणाऱ्यांना वर सांगितलेल्या पाचही गोष्टी तोंडपाठ आहेत. दाद, पायऱ्या, चुटपुट, सगळे आहे. फक्त ओळंबा नाही. "आता पुरे" म्हणणारे त्यात काही नाही. तो ओळंबा आई-बापांनी व्हायचे आहे.

"हा कौशल्याचा खेळ आहे" ही ढालही आपण ओळखून असावे. १९६७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पुढे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्यांनी याच शब्दाचा आधार घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच बाजूला ठेवला आहे. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो खेळ चालणार नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा दोष सांगितले आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो, हातातली पुंजी जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि संसार चालवणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षे लोटली, यातला एकही दोष जुना झालेला नाही.

म्हणून मुलाला खेळू नको म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हरल्यावर त्याला आपली चूक कळते का? जिंकल्यावर खेळच मिळतो, की पैसा? आणि खेळ त्याला थांबू देतो का? पिनबॉल फार तर फुकट डाव देतो, रोकड नाही. तिथेच तो जुगारापासून वेगळा झाला.

घरच्या घरी

या सुट्टीत एक काम करून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद प्लायचा तुकडा घ्या. तिन्ही कडांना पट्ट्या ठोका, खालची कड उघडी ठेवा. मुलांना पेन्सिलीने खुणा करू द्या, मोठ्यांनी खिळे ठोकावेत. खिळ्यांवर रबर बँड ताणले की गोटी छान उसळते. वरचे टोक दोन ते पावणेतीन इंच उचलून टेकू द्या. पावणेतीन इंचांना साधारण साडेसहा अंशांचा उतार येतो, आणि हे गणित आठवी-नववीच्या मुलाकडून करून घ्या. तळाशी दोन आइसक्रीमच्या काड्या एकेका खिळ्यावर सैल बसवा, म्हणजे बोटाने उडवता येतील. हे झाले आपले फ्लिपर.

आधी काड्यांशिवाय दहा डाव खेळा आणि गुण लिहून ठेवा. मग काड्या लावून दहा डाव खेळा. रोज खेळा, रोज लिहा. आठवड्याने वही उघडून मुलांना दाखवा. काड्यांशिवायचे गुण कधी वर, कधी खाली. सरावाचा त्यांच्यावर परिणाम नाही. काड्यांचे गुण मात्र चढत गेलेले दिसतील. प्रवचन न देता मुलांना कळेल, की जिथे हाताला वाव आहे तिथे नशीब मागे पडते.

आणि कोणी म्हणालेच, "नशीब नाही रे तुझं", तर मुलाने ती वही त्याच्यापुढे धरावी.

जय भीम!